तीनशे खाटा आणि बारा मीटरचा रस्ता

मा. संपादक,

स. न. वि. वि.

निवासी गल्लीतल्या रुग्णालयाने शेजारचा प्लॉट घेतला, की ठाण्यात पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. आधी कुजबूज, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग ‘निवासी भागात हॉस्पिटल नको’ असा फलक, चारशे सह्यांचे निवेदन आणि लोकप्रतिनिधींसोबत एक फोटो. पुढे एका सकाळी प्लॉटभोवती निळे पत्रे लागलेले दिसतात. पत्रे लागले म्हणजे बहुतेक वेळा सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा पालिकेचा दाखला, हातात आलेली असते, आणि सीसी निघाली की हरकतीची वेळ टळलेली असते.

रस्ते, पाया, अग्निसुरक्षा आणि रुग्णालयाच्या इमारती या विषयांत काम केलेले आम्ही काही रहिवासी हे पत्र लिहीत आहोत. ठाण्याला खाटा हव्यात, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा ५०० खाटांवर किती ताण आहे ते सगळ्या राज्याने पाहिले. जिल्हा रुग्णालयाच्या जागी ९०० खाटांचे नवे रुग्णालय बांधायला घेतले आहे, तेही गरजेपोटीच. शिवाय ‘हॉस्पिटल नको’ हे वाक्य पालिकेच्या टेबलावर टिकत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी क्षेत्रातही रुग्णालयाला अटींसह परवानगी मिळते. प्रश्न त्या अटींचा आहे, आणि तो फुटपट्टी घेऊनच विचारावा लागतो.

आमची मुख्य तक्रार अशी, की मंजुरी कंपाउंड भिंतीच्या आत पाहिली जाते. आतले सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळे सोडायचे अंतर), उंची, पार्किंग, पाण्याची टाकी हे सगळे नकाशावर तपासतात. भिंतीबाहेरच्या जगाला तिथे एकच ओळ मिळते: ‘लगतचा रस्ता १२ मीटर.’ हे बारा मीटर विकास आराखड्यातले. प्रत्यक्षात टेप धरून पाहा. दोन्ही बाजूंचे पदपथ दीड-दीड मीटर, उरले नऊ. दोन्ही कडांना उभ्या गाड्या, प्रत्येकी दोन मीटर, उरले पाच. अग्निशमन दलाचा बंब अडीच मीटर रुंद असतो, म्हणजे तो कसाबसा आत येईल. समोरून रुग्णवाहिका आली तर दोन्ही अडकतील. उंच इमारतीसाठी लागणाऱ्या शिडीच्या गाडीला नुसते आत येऊन भागत नाही. तिला चारही जॅक पसरून, जमिनीत घट्ट रोवून उभे राहावे लागते आणि त्यासाठी पाच-सहा मीटर मोकळी, टणक जागा लागते. गल्लीत ती नसेल तर शिडी वर जाणार नाही, मग ती कितीही मजल्यांची असो.

म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीसाठी समोर किमान १२ मीटरचा रस्ता, आवारात शिरायला ६ मीटरचे फाटक आणि इमारतीभोवती बंब फिरेल अशी ६ मीटर मोकळी जागा मागितली आहे. ही जागा ४५ टनांचा भार पेलणारी हवी. कागदावर ती असतेच. दोन वर्षांनी जाऊन पाहिले, की त्याच सहा मीटरमध्ये ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, द्रवरूप ऑक्सिजनची टाकी, जैव कचऱ्याची खोली, औषध दुकानाचे छप्पर आणि सुरक्षारक्षकाची केबिन येऊन बसलेली असते. यातले एकेक चूक नसेलही. सगळे मिळून बंबाची वाट बंद करतात. आणखी एक बाब नकाशात सहज निसटते. तळघर बाहेरच्या मोकळ्या जागेखालपर्यंत नेलेले असेल, तर बंब त्या तळघराच्या स्लॅबवरूनच फिरणार. स्लॅब ४५ टनांसाठी डिझाइन केला आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने लिहून घ्यायला हवे. तिथे नंतर लॉन आणि कुंड्या आल्या, तर बंबाच्या चालकाला खाली काय आहे हे कळणारही नाही.

ही भीती उगाच नाही. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि पाचच दिवसांनी, २८ एप्रिलच्या पहाटे, आपल्याच मुंब्र्यातल्या एका खासगी रुग्णालयात आग लागून चार रुग्ण गेले. अतिदक्षता विभाग हा बंद डबा असतो: खिडक्या पक्क्या बसवलेल्या, चोवीस तास चालणारी वातानुकूलन यंत्रे, फॉल्स सीलिंगवरून गेलेल्या तारा आणि हवेत नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन. तिथला रुग्ण जिना उतरू शकत नाही. त्याला व्हेंटिलेटरसकट, खाटेसकट त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या, आगीपासून वेगळ्या केलेल्या भागात सरकवायचे असते. वाढीव बांधकामात जुनी आणि नवी इमारत पुलाने किंवा रुंद मार्गिकेने जोडतात, तेव्हा नेमके हे वेगळेपण जाते. मधला अग्निरोधक दरवाजा ट्रॉली ढकलायला सोपे जावे म्हणून पाचर मारून कायम उघडा ठेवलेला असतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक संस्थेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. वाढीव इमारतीची परवानगी मागणाऱ्याने जुन्या इमारतीची मागची सहा प्रमाणपत्रे दाखवावीत, ही मागणी कोणालाही जड जाऊ नये.

वाहतुकीचा अभ्यास रुग्णालये जोडतात, नाही असे नाही. पण तो बहुधा कुठल्या वेळी केला ते पाहावे. सोमवारी सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, ओपीडीच्या वेळेत, दर पंधरा मिनिटांना फाटकाशी किती रिक्षा, किती दुचाकी, किती गाड्या थांबल्या आणि प्रत्येक किती वेळ थांबली हे मोजले तरच चित्र कळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात दोन्ही बाजूंना दारे उघडणाऱ्या, कडेला पार्किंग असलेल्या दोन मार्गिकांच्या गल्लीवजा रस्त्याची क्षमता तासाला ९०० पीसीयू धरली आहे. पीसीयू म्हणजे सगळी वाहने मोटारींच्या मापात मोजलेली. आज त्या गल्लीत किती चालतात आणि वाढीनंतर किती चालतील, हे दोन आकडे त्या ९०० शेजारी लिहावेत. पार्किंगचा हिशेब खाटांवर बांधलेला असतो. गर्दी मात्र ओपीडीची, तपासण्यांची आणि भेटायला येणाऱ्यांची असते. त्यातून तळघरातल्या पार्किंगला तासाला पैसे लावले की गाडी गल्लीत लागते, आणि वर्षभरात तळघराचा एक मजला औषधांचे गोदाम व जुन्या फायलींचे रेकॉर्ड रूम होतो. भेटीच्या वेळेत पार्किंग मोफत ठेवण्याची अट मंजुरीतच घालता येईल. साधी अट आहे, पण परिणाम लगेच दिसतो.

पाण्याचे गणित तर कोणीही पाटीवर करू शकेल. संहितेप्रमाणे १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे रोज ३४० लिटर आणि त्यावर गेले की ४५० लिटर धरतात. उदाहरणादाखल ९० खाटांचे रुग्णालय ३०० खाटांचे झाले, तर मागणी ३०,६०० लिटरवरून १,३५,००० लिटरवर जाते. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने हे हजार माणसांचे पाणी झाले. वाढ १,०४,४०० लिटरची; १०,००० लिटरचे दहा टँकर, रोज. ठाणे स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी घेते आणि तरी उन्हाळ्यात कपातीच्या नोटिसा लागतात. सांडपाणी शुद्ध करून फ्लशिंगला आणि वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरला वापरले तर मागणी बरीच खाली येते. पण शुद्धीकरण प्रकल्प कुठे बसणार, त्याचा वास बाहेर काढणारा पाइप कोणाच्या खिडकीसमोर येणार, हे नकाशात दाखवा म्हणावे.

आवाजाबद्दल लोक रुग्णवाहिकेच्या सायरनवर बोलतात. तो तर दोन मिनिटांचा. गच्चीवरचे चिलर आणि कूलिंग टॉवर रात्रभर घुमतात, त्याचे काय? निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजणीचे यंत्र मात्र माणसाच्या कानाच्या हिशेबाने खालच्या पट्टीतला आवाज कमी धरते, त्यामुळे आकडा मर्यादेत आणि भिंत मात्र गुणगुणते, असे होते. यंत्राखाली स्प्रिंगचे कंपनरोधक आणि तीन बाजूंनी आवाज अडवणारे पडदे बसवले तर निम्मा त्रास तिथेच संपतो. नंतर बसवायचे म्हटले तर गच्चीवर जागा उरलेली नसते. गंमत म्हणजे, रुग्णालयाभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र असते अशी सर्वांची समजूत आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याखेरीज ते लागू होत नाही. उद्या ते झाले, तर नव्या इमारतीपासून मोजलेल्या शंभर मीटरमध्ये गल्लीतला गणेशोत्सवाचा मांडवही येईल, आणि तेव्हा दोष रुग्णालयाला द्यायचा की मंडळाला, यावर नवा वाद!

जनरेटरच्या धुराड्याचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. ज्या इमारतीत जनरेटर आहे तिची उंची, अधिक जनरेटरच्या केव्हीएतल्या क्षमतेच्या वर्गमुळाच्या ०.२ पट, इतकी धुराड्याची उंची हवी. १००० केव्हीएच्या संचाला इमारतीच्या माथ्यावर ६.३ मीटर. बाजूच्या मोकळ्या जागेत शेड टाकून जनरेटर ठेवला, की शेडलाच इमारत समजून धुराडे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर सोडून देतात. ते नेमके शेजारच्या सोसायटीच्या स्वयंपाकघरासमोर येते. नकाशात धुराड्याचा माथा जमिनीपासून किती मीटरवर आहे, तो आकडा मागावा. आठवड्याची चाचणी कुठल्या वारी, किती वाजता, हेही लिहून घ्यावे; सकाळी अकरा वाजता दहा मिनिटे कोणाची तक्रार नसते.

खोदकामावर जरा थांबावे लागेल, कारण खरे नुकसान इथे होते आणि त्यावर कोणी बोलत नाही. तीन तळघरांसाठी ३,००० चौरस मीटर जागा १० मीटर खोल खणली, तर ३०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १०,६०० ब्रास माल निघतो. खणलेला माल फुगतो. तीस टक्के वाढ धरली आणि डंपरमध्ये साडेचार ब्रास भरला, तर तीन हजारांवर फेऱ्या. रात्री चाळीस डंपर काढले तरी पंचाहत्तरहून जास्त रात्री. दिवसा अवजड वाहनांना बंदीच्या वेळा, आणि रात्री आवाज करणारी बांधकामयंत्रे निवासी भागात चालवायला ध्वनी नियमांत मनाई. मग पोकलेन रात्री मालाची भरणी कशी करणार, याचे उत्तर वेळापत्रकात लेखी असायला हवे. ते नसते, म्हणून रोज रात्री एक वाजता पोलिसांना फोन जातात.

ठाण्याचा कातळ काळा आणि कठीण. तो फोडायला ब्रेकर लावला की हादरे शेजारच्या इमारतींच्या पायात जातात. खडक डायमंड वायरने कापता येतो, किंवा भोके पाडून फुगणारी पावडर भरून तडकवता येतो. महाग पडते, म्हणून आपणहून कोणी करत नाही. अट म्हणून घालावी लागते. जिथे वर भराव किंवा चिकणमाती आहे, तिथे वेगळाच धोका. खड्ड्यातले पाणी पंपाने सतत उपसले की आजूबाजूची भूजल पातळी उतरते, भराव दबतो आणि उथळ पायाच्या जुन्या इमारतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. तेव्हा बिल्डर म्हणतो, ‘ही भेग जुनीच आहे.’ त्यासाठी काम सुरू होण्याआधी शेजारच्या प्रत्येक इमारतीची भेगांची नोंद, तारखेसह छायाचित्रे, दोन्ही पक्षांच्या सह्या. असलेल्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. काच फुटली, म्हणजे भेग हलते आहे. पन्नास रुपयांची काच कोर्टात पन्नास पानांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलते. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट तसेही सक्तीचे आहे; सोसायटीने ते आधीच करून ठेवले असेल तर हातात मूळ नोंद असते.

शोअर पाइलच्या, म्हणजे खड्ड्याच्या कडेने माती थोपवायला उभारलेल्या खांबांच्या, अँकरचे काय, हेही विचारा. खड्ड्याची भिंत मागे ओढून धरायला पोलादी केबल खडकात तिरप्या दहा-बारा मीटर जातात. प्लॉटच्या हद्दीला लागून खणले, तर त्या केबल सोसायटीच्या जमिनीखाली असणार. आपल्या जमिनीत अँकर घालायला सोसायटीने संमती दिली होती का? उद्या सोसायटी पुनर्विकासाला गेली की तिच्या पायलिंगला हेच अँकर आडवे येतील.

या धुळीत रुग्णालयाचे स्वतःचे रुग्णही आहेत. पाडकामाच्या आणि खोदकामाच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला ती फुप्फुसाची जीवघेणी लागण ठरू शकते. जुन्या इमारतीत उपचार चालू ठेवून शेजारी बांधायचे असेल, तर हवाबंद पडदे, ताजी हवा आत घेण्याच्या तोंडांची जागा बदलणे आणि संसर्ग नियंत्रण समितीची सही हवी. या मुद्द्यावर रहिवासी आणि डॉक्टर एकाच बाजूला आहेत.

जैव वैद्यकीय कचऱ्याबद्दल थोडक्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ४८ तासांवर साठवता येत नाही आणि पिशव्यांना बारकोड लागतो. खोली कुठे आणि गाडी कोणत्या फाटकाने, एवढे दोनच प्रश्न पुरेत. ऑक्सिजनच्या टाकीबाबत मात्र टँकर आत वळतो का ते बघा. नाशिकच्या पालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती होऊन पुरवठा कोसळला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. टाकीच्या जोडण्यांशी पोहोचायला माणसांना आणि गाडीला जागा लागतेच.

काही हरकती मात्र घेऊ नयेत. एमआरआयमुळे किरणोत्सर्ग होतो, ही हरकत अजून लिहिली जाते. एमआरआयमध्ये तो नसतोच. कर्करोगाच्या रेडिएशन यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते आणि भिंती फूटभर नव्हे, मीटरांत मोजाव्या इतक्या जाड असतात. शवागारामुळे घरांच्या किमती पडतील, हेही नको. अशी एक हरकत वाचली, की अधिकारी खालच्या दहा खऱ्या हरकती त्याच नजरेने वाचतो. शवागाराचे फाटक शाळेसमोर नको, हे मात्र रास्त आहे.

आता वेळ. जागेचे आरक्षण किंवा वापर बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. तो महिना म्हणजे सगळे काही. एकाच मजकुराच्या चारशे हरकती सुनावणीत एकच धरल्या जातात. त्याऐवजी चार सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेच्या ठरावासह चार वेगळ्या विषयांवर, आकड्यांनिशी लिहावे आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. आरक्षण बदलायचेच नसेल, तर सूचना निघत नाही. परवानगीवर अपील करायचा हक्क कलम ४७ ने अर्जदारालाच दिला आहे, शेजाऱ्याला नाही. शेजाऱ्यासाठी उरते ते उच्च न्यायालय, आणि तोवर खड्डा खणून झालेला असतो.

दोन खिडक्या तरी उघड्या असतात. झाडे तोडायची असतील तर नोटीस त्या झाडावरच लावावी लागते. म्हणून रिकाम्या प्लॉटवरच्या आंब्याकडे येता-जाता नजर ठेवावी. हरकतीला आठवडाभरच मिळतो. दुसरी खिडकी म्हणजे एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर लागणारी पर्यावरण मंजुरी. या मोजणीत तळघरे येतात, आणि जुनी इमारत धरून एकत्र बेरीज करायची असते. ‘टप्पा एक’, ‘टप्पा दोन’ असे तुकडे पाडले आहेत का, ते पाहा. इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, तरी अर्ज आणि आराखडा ‘परिवेश’ संकेतस्थळावर दिसतो, आणि मंजुरीविरुद्ध हरित लवादात तीस दिवसांत जाता येते. बाकी कागद माहिती अधिकारात: दहा रुपये, दीडशे शब्द, एका अर्जात एकच विषय. ‘संपूर्ण फाइल द्या’ असे लिहिले तर उत्तर येत नाही. ‘अमुक भूखंडाच्या तात्पुरत्या अग्निशमन ना-हरकत दाखल्याची आणि त्यासोबतच्या नकाशाची प्रत’ असे लिहावे.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर आणखी एक हिशेब राहतो. १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या असतात. ३०० खाटा झाल्या तर तीस आणि तीस. वाढीव चटईक्षेत्र मागताना खाटांचा आकडा मोठा आणि राखीव खाटांच्या फलकावर मात्र जुनाच, असे नको.

पालिकेच्या शहर विकास विभागाकडे आमची मागणी एवढीच, की पन्नासवर खाटांच्या कोणत्याही वाढीव बांधकामाचा स्थळदर्शक नकाशा, बंबाच्या वाटेचा नकाशा, ओपीडीच्या वेळेतली वाहनांची मोजणी आणि डंपरचे वेळापत्रक हे चार कागद सीसी देण्याआधी पंधरा दिवस संबंधित प्रभाग समितीच्या कार्यालयात, नौपाडा-कोपरी असो की माजिवडा-मानपाडा, भिंतीवर लावावेत. त्याला आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेल.

कळावे,

ठाण्यातील काही रहिवासी